लॉरेन्सच्या इंजिनाने काढलेलं उट्टं

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. गोराईच्या खाडीत लॉरेन्सच्या होडीत बसून मला बावीस वर्षं झाली. स्वभाव बरा आहे, पण डूख धरतो.

लॉरेन्स रोज निघण्याआधी माझ्या फिल्टरखाली साचलेलं पाणी काढून टाकी. "तोंड धुतलं तुझं," म्हणे. एवढ्या मायेवर इंजिन जन्मभर चालतं.

मग अंधेरीहून चंद्रप्रकाश आला, इंधन विकणारा. त्याने अल्कोहोल मिसळलेलं डिझेल आणलं. यामुळे धूर कमी होतो म्हणाला, आणि ते खरंच होतं. अल्कोहोलशी माझं वैर नाही. फक्त ते डिझेलला धरून राहावं म्हणून त्यात आणखी एक द्रावण घालावं लागतं आणि पाणी लांब ठेवावं लागतं. पैसे वाचवायला त्याने ते द्रावण घातलंच नाही.

हंगाम सुरू होताना आमच्याकडे फादर होड्यांना आशीर्वाद देतात. त्या दिवशी लॉरेन्सची बायको उर्सुला माझ्या टाकीतही पेलाभर पवित्र पाणी ओतते. साध्या डिझेलखाली ते मुकाट बसे आणि लॉरेन्स काढून टाकी. अल्कोहोल मात्र पाण्याला मिठी मारतं आणि डिझेलची संगत सोडतं. चंद्रप्रकाश शेजारीच हात जोडून उभा होता. बघत होता. बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला धाप लागली.

"अंकल, इंधन एक नंबर आहे, इंजिनच भंगार आहे," तो म्हणाला. "सोमवारी गोवंडीला भंगारवाल्याला देऊन टाका. पटत नसेल तर मी स्वतः होडीत बसतो."

"बस ना," उर्सुला म्हणाली.

खारफुटीपर्यंत मी धाप दाबून झकास चाललो. मग थांबलो. ओहोटी लागली होती. लॉरेन्सने टाकीतलं इंधन बाटलीत घेऊन उन्हात धरलं. दोन थर, एकमेकांचं तोंड न बघणारे.

"हे काय रे?"

"पाणी गेलं असेल, अंकल."

"तुझ्यासमोरच ओतलं ना तिने? तेव्हा तोंडात काय होतं, जिताडा मासा?"

लॉरेन्सने टाकी रिकामी केली, डब्यातलं साधं डिझेल भरलं, नळीतली हवा काढली आणि हँडल मारलं. मला सुरू होता आलं असतं. झालो नाही. तीनदा. चंद्रप्रकाशला बोरिवलीत कुणाला तरी भेटायचं होतं. वैतागून तो चालत किनारा गाठायला चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतला, तेव्हा चौथ्या हँडलला मी सुरू झालो.

"भंगार म्हणे," लॉरेन्सने माझ्यावर थाप मारली. "सोमवारी आपण मासे धरायला जाऊ."

मित्रांनो, आम्हाला नवं इंधन जरूर पाजा. पण ते नीट कालवा, अल्कोहोलने फुगणारी आमची रबरं तपासा, आणि चूक झाली तर आमच्यावर ढकलू नका. कबूल केलीत तर आम्ही माफ करतो. जरा रुतू देतो, मग करतो.