उजवीकडून चालणारा खटारा

नोव्हेंबर लागला की वाल्फ्रिड कांगास आपली चांगली निळी गाडी धुऊन-पुसून शेडमध्ये लावत, तिच्यावर ताडपत्री घालत आणि एप्रिलपर्यंत तिचं तोंड पाहत नसत. सुपिरियर सरोवराच्या त्या काठावर हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडे आणि मीठ गाडीचा पत्रा खाऊन टाकी. म्हणून घरोघरी हिवाळ्यापुरता एक खटारा असे. तो सकाळी सुरू व्हावा, आतून तापावा आणि कुजला तर कुणाला वाईट वाटू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

या वर्षी खटारा हवा होता तो त्यांच्या नातीला, सेन्याला. ज्या मार्गावर वाल्फ्रिडनी उभं आयुष्य टपाल वाटलं, तोच मार्ग सोमवारपासून तिला मिळणार होता. मात्र गाडी ज्याची त्याने आणायची, असा त्या नोकरीचा जुना रिवाज होता. सोमवारी गाडी नसली तर मार्ग दुसऱ्याला जाणार होता, आणि सेन्या आईकडे डेट्रॉइटला. वाल्फ्रिडची बायको लेम्पी वारल्यापासून घरात ही दोघंच होती. सेन्याच्या डेट्रॉइटला जाण्याविषयी दोघंही चकार शब्द काढत नव्हती.

अडचण अशी होती, की टपालाला कोणतीही गाडी चालत नाही. स्टिअरिंग डावीकडे आणि टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला. एकट्या माणसाने करायचं काय? तर उजव्या बाजूला बसायचं, डावा हात लांबवून स्टिअरिंग धरायचं, डावा पाय लांबवून पेडल दाबायचं आणि उजव्या हाताने खिडकीतून टपाल पेटीत टाकायचं. त्यासाठी पुढची बैठक बाकासारखी सलग हवी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच हवा. तशा गाड्या आता दुर्मिळ होत चालल्या होत्या.

शनिवारी सकाळी दोघं ओर्व्हिल बोरासाच्या आवारात उतरली. जुन्या गाड्यांचा हा व्यापारी वाल्फ्रिडचा शाळेतला सोबती.

"अजून जिवंत आहेस होय?" ओर्व्हिलने शेडच्या दारातूनच विचारलं.

"तुझ्या गाड्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. जमलं नाही त्यांना."

सेन्या तोवर एका चकचकीत जपानी गाडीपाशी पोहोचली होती. "उक्की, ही बघा! चारही चाकांना जोर आहे हिच्या." आजोबांना ती उक्की म्हणत असे.

वाल्फ्रिडनी काचेतून आत पाहिलं. दोन बैठकांच्या मध्ये प्लास्टिकची पेटी होती. "या पेटीवरून पाय कसा टाकशील?"

"पेटीत कॉफीचे दोन कप राहतात," ओर्व्हिल म्हणाला.

"तिला टपाल वाटायचंय, ओर्व्हिल. हॉटेल नाही काढायचं."

मग त्यांना ती तपकिरी गाडी दिसली. लांब, रुंद, पुढे सलग बाक. तिच्याभोवती त्यांनी सावकाश एक फेरी घातली. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाजांच्या खालच्या कडेवर फिरवलं. जिथे ते चिकटेना तिथे पत्रा कुजून रंगाखाली लांबीचा लगदा भरलेला होता. खाली सरपटत जाऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सांगाडा ठोकून पाहिला. इंजिन सुरू करून हीटरसमोर तळहात धरला. उजवी काच पुनःपुन्हा वरखाली केली. दिवसभर उघडमीट सोसायची असते ती तिनेच.

शेवटी ते उजव्या बाजूला बसले. हात आपोआप लांबला, पाय आपोआप ब्रेकवर गेला. तापलेल्या रेक्झिनचा आणि जुन्या लोकरीचा वास आला, आणि सगळे हिवाळे एकदम आठवले. हिरवी, पांढरी, पुन्हा हिरवी. गाड्यांना नावं नसत, रंग असत. मोसमाच्या सुरुवातीला खटाऱ्याच्या पोटाला जुनं तेल चोपडून ते खडीच्या रस्त्यावर गाडी भरधाव सोडत, म्हणजे तेलावर धूळ बसून जाड लेप तयार होई. लेम्पी शेजारी थर्मास छातीशी धरून बसे, मुलं मागे उसळत. ती ओरडे, "हळू, कांगास! गाडी वाचेल, पण माझे दात पडतील!" घरी येईपर्यंत सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. वर्षातला तो सण असे.

"हीच," ते खाली उतरत म्हणाले. "हीच घ्यायची."

"मी बसून बघू का?" सेन्याने विचारलं.

ती बसली. डावा हात स्टिअरिंगवर कसाबसा पोहोचला. पाय मात्र ब्रेकच्या अलीकडेच हवेत राहिला. ती डावीकडे सरकली. पाय टेकला, पण उजवा हात खिडकीपासून दूर गेला.

"जरा ताण की पाय."

"ताणलाय, उक्की. पाय पोचतो तेव्हा खिडकी सुटते, आणि खिडकी धरली की पाय सुटतो."

"बूट जाड घाल."

"बुटानं पाय उंच होतो हो, लांब नाही होत."

ओर्व्हिल हसला. वाल्फ्रिड हसले नाहीत. गाडी त्यांनी स्वतःच्या पायांनी मोजली होती. ते सहा फुटांहून उंच. सेन्या तर थेट लेम्पीच्या बांध्याची. ज्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा प्लास्टरमध्ये होता, त्या हिवाळ्यात लेम्पीने टपाल न्यायची तयारी केली होती. अंगणात हिरव्या गाडीत बसून पाहिलं आणि घरात परत येऊन ती म्हणाली होती, "ही गाडी तुझ्या मापाची शिवलीय." तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

"मग? घेतोस ना?" ओर्व्हिलने विचारलं.

"नाही."

तपकिरी गाडीचा दरवाजा त्यांनी हलकेच लोटला आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला. मग आपल्या पिकअपमधून सुतळी आणली. सेन्याला एका खोक्यावर बसवून, उजवा कोपर खिडकीबाहेर काढल्यासारखा धरायला लावून, त्या कोपरापासून तिरप्या लांबवलेल्या डाव्या पायाच्या चवड्यापर्यंत सुतळी ताणली आणि गाठ मारली. ती सुतळी घेऊन ते आवारातल्या प्रत्येक सलग बाकाच्या गाडीत वाकू लागले.

"शिंपीकाम कधी सुरू केलंस?"

"तू मापाचा माल ठेवत नाहीस म्हणून."

एका गाडीत सुतळी कमी पडली. दुसरीत तर फारच. कुंपणालगत एक लहानशी चौकोनी स्टेशन वॅगन उभी होती; सगळी पांढरी, एक दरवाजा तेवढा लाल. असल्या गाड्यांना वाल्फ्रिड आयुष्यभर पावाचा डबा म्हणत आले होते आणि सकाळीही ते तिच्यावरून नजर न थांबवता पुढे गेले होते. आता त्यांनी उजव्या खिडकीपाशी सुतळीचं एक टोक धरलं. गाठ ब्रेकच्या पेडलवर येऊन टेकली, वर थोडी ढिली राहिली.

"दरवाजा लाल कसा?"

"पांढरा एका हरणाला आवडला नाही."

चुंबक दरवाजांवर जवळजवळ कुठेच चिकटलं नाही. पण खालचा सांगाडा ठोकल्यावर भरीव वाजला, आणि हीटरने तर त्यांची टोपीच तापवली. काच फिरवताना जड होती, मात्र मध्ये कुठे अडली नाही.

सेन्या आत बसली. तिने डावा पाय तिरपा लांबवला.

"उक्की," ती म्हणाली, "पोचला."

"खिडकी?"

तिने कोपर बाहेर काढून दाखवलं.

भाव ठरायला फार वेळ लागला नाही. लाल दरवाजाचे पैसे लावलेले नाहीत, असं ओर्व्हिलने दोनदा सांगितलं. सेन्याने गाडी उजव्या बाजूला बसूनच आवाराबाहेर काढली. फाटकाच्या खांबाशी थबकली, मागे आली, पुन्हा निघाली. वाल्फ्रिड पिकअपमधून मागोमाग निघाले.

पुढच्या गाडीत स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं. उजवीकडे तेवढी एक लोकरी टोपी दिसत होती. लेम्पी एकदा असंच त्यांच्या मागून घरी आली होती आणि पोट धरधरून हसली होती: चालवणारा उतरून गेलाय आणि गाडीला पत्ताच नाही! स्वतःला मागून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता ते डोळे भरून पाहत राहिले.

पहिल्या पेटीपाशी सेन्या पुढे निघून गेली. मागे आली. दुसऱ्या पेटीला तिचा हात पुरला नाही. मार्ग तिचा सोमवारपासून होता आणि पेट्यांत टाकायला जवळ काहीच नव्हतं. तरी ती प्रत्येक पेटीपाशी थांबे, झाकण उघडे, मिटे. वाल्फ्रिडही प्रत्येक वेळी मागे अंतर राखून थांबत. चौथ्या पेटीशी गाडी अशी अलगद टेकली, की कोपर न ताणताच झाकण उघडलं.

मागून लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकने भोंगा वाजवला. चालकाने शेजारी येऊन काच खाली केली. "काय झालं, काका? बंद पडली का गाडी पुढची?"

"नाही," वाल्फ्रिड म्हणाले. "टपाल चाललंय. तू जा पुढे."