काळी खडी

चिखल परवडला असता, असं आज म्हणते. तेव्हा मात्र पावसाळा आला की त्या चिखलाला शिव्या देऊन देऊन माझं तोंड दुखायचं.

केनियातल्या मालिंदी शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीला खेटून, जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना होता. त्याच्या मागच्या भिंतीपाशी भट्टीतून निघालेल्या काळ्या खडीचा हा एवढा ढीग. मी महिला मंडळाची अध्यक्ष. अर्ज लिहिला आणि थेट मॅनेजरपुढे ठेवला.

"साहेब, ही खडी आमच्या गल्लीला द्या."

तो लगेच हो म्हणाला. कारखानदार इतक्या चटकन काही देतो का कधी? पण माझं डोकं हवेत. निघताना तो एवढंच बोलला, "रस्त्यावरच टाका हं. घरात, दारात नको."

मला वाटलं, मेला कद्रू! गरिबाचं अंगण कोरडं झालेलं याला बघवत नाही. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

रविवारी हरांबेची हाक दिली. घरटी एक माणूस बिनमजुरीचं राबायला आलं. बायका डोक्यावर घमेली घेऊन गात होत्या, नारळाच्या दुधातला भात शिजत होता. गल्ली झाली, मग उरलेली खडी दारादारात टाकली. शेजारच्या डामाच्या दारात मी माझ्या हाताने दोन घमेली जास्त ओतली. तिची म्बेयू तेव्हा रांगत होती.

"अगं न्यामवुला, लाड पुरे!" डामा हसून म्हणाली.

"शेजारणीचे नाही तर कुणाचे करू?"

म्बेयू सात वर्षांची झाली तरी तिला पाचपर्यंत मोजता येईना. मधेच झटके यायचे. इतर घरांतही तेच. मुलांचं रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. खडीत तर विचारूच नका. मग आम्ही मोर्चे काढले, पोलिसांचा मार खाल्ला. सगळ्यांच्या पुढे मी. कारखान्याला कुलूप लागलं, पण माती राहिली. ती कंपनीने उचलावी आणि मुलांवर उपचार करावेत म्हणून आम्ही कोर्टात गेलो.

कंपनीच्या वकिलाने माझा अर्ज फडकवला. "खडी यांनीच मागितली. धोका आम्हालाही ठाऊक नव्हता."

बाहेर आल्यावर आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं एवढं सिद्ध झालं तर जिंकलो. नाहीतर माती इथेच राहील."

ते सिद्ध करू शकणारी एकटी मीच होते. दोन तारखा मी तोंड शिवून बसले. दोन्ही वेळा डामा माझा हात धरून शेजारी बसली होती. दुसऱ्या तारखेहून परतलो, तर म्बेयू दारातल्या त्याच खडीवर खडे मांडत बसली होती. बसायला दुसरी जागा होती कुठे? मला पाहून ती हसली, आणि मला स्वतःची किळस आली.

तिसऱ्या तारखेला मी उभी राहिले. मॅनेजरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. डामाकडे बघायची हिंमत झाली नाही.

आम्ही जिंकलो. यंत्रं आली, दारादारातली माती खणून ट्रक भरले. डामा तिच्या दारातल्या खड्ड्यापाशी उभी होती. मी जवळ गेले.

"सगळ्यांना दोन घमेली," ती हळू म्हणाली. "मलाच चार का दिलीस गं?"

उत्तर तिला ठाऊक होतं, मलाही. ते मी तेव्हाच हसत दिलं होतं.