पुतळाबाईंचा शेवटचा घोट

मित्रांनो, देवघराच्या कोपऱ्यात बसलेला मी एक जुना तांब्याचा गडू आहे. पोटाला पोचा आलाय, पण झाकण अजून घट्ट बसतं. माणदेशातल्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि नव्या नवरीने, पुतळाबाईंनी, मला पहिल्यांदा नदीत बुडवलं. तेव्हा घाटाच्या वरून तिसऱ्या पायरीलाच पाणी होतं. गावात कुणाची शेवटची घटका आली की माझ्यातलं पाणी त्याच्या तोंडात घालत. केवढा मान होता माझा!

पुढे पुतळाबाईंचा मुलगा कृष्णात वाशीच्या मार्केटात माथाडी झाला आणि सासू-सुनेबरोबर मी शहरालगतच्या करंजाड्यात राहायला आलो. सून सत्यभामा मोठी नेमाची. नदीच्या पाण्याची पळीभर धार पिंडीवर वाहिल्याशिवाय ती घास घेत नसे. वर्षातून एकदा गावी जाऊन मला भरून आणी. पण दर खेपेला पाणी लांब जाई. आधी पायऱ्या उघड्या पडल्या, मग वाळूत झरा खणावा लागला, मग वाटीवाटीने मला भरायला अख्खी दुपार जाऊ लागली. पाऊस येई, जाई. नदी काही सावरत नव्हती.

यंदा पुतळाबाई अंथरुणाला खिळल्या. "सत्ये, जाताना आपल्या नदीचा घोट दे गं," एवढंच मागत. माझ्या तळाशी एक पळी उरली होती. नेम मोडू नये म्हणून सत्यभामेने तीही पिंडीवर वाहिली.

"अगं, नळाचं घाल की! देव काय चव घेऊन बघतोय?" कृष्णात हसला.

"शब्द दिलाय मी त्याला. आणि उद्याच गावाहून भरून आणते की."

गावी तिने कमरेइतकं खणलं. खाली कोरडी वाळूच. मला उराशी धरून ती तिथेच बसून राहिली.

परतलो तेव्हा पुतळाबाईंचा श्वास अडखळत होता. जन्मात खोटं न बोललेल्या सत्यभामेने मला गुपचूप नळाखाली धरलं. "आत्याबाई, आपल्या नदीचं हाय," म्हणत पळी त्यांच्या ओठांना लावली.

पुतळाबाईंनी घोट तोंडात घोळवला. मग सुनेच्या गालावर हात ठेवला.

"नदी लय आटली का गं?"

सत्यभामेचे अश्रू माझ्या काठावर टपकले.

"रडू नगंस. तू पाजलंस, पावलं मला." आणि त्यांनी तो घोट गिळला.

मित्रांनो, तुमच्या गावची नदी अजून वाहत असेल, तर तिच्या वाळूला, झऱ्यांना जपा रे. मला पुन्हा कुणाच्या ओठांशी खोटं बोलायचं नाही.