टमॅरॅकची माहेरवाशीण

ओडेसा टिल्मन जनरेटरसमोर उकिडवी बसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि यंत्र किती तास चाललं ते दाखवणारं मीटर पुन्हा एकदा वाचलं. मग गुडघे चोळत उठली.

"डोरीन, हे यंत्र तुम्ही फक्त माशांच्या हंगामात चालवता ना?"

"हो," डोरीन सालमेला म्हणाली.

"हंगाम तर आत्ता सुरू होतोय. आणि मागच्या हंगामाअखेरच्या तपासणीपासून हे भरपूर चाललेलं दिसतंय. एवढं कशासाठी?"

दाराजवळ उलट्या बादलीवर बसलेला म्हातारा आर्व्हो निस्काला जोरात खाकरला.

ओडेसा शिकागोहून आली होती. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्था तपासणं हे तिचं काम, आणि ते करता करता तिचे केस पांढरे झाले होते. निवारागृहं, फिरते दवाखाने, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच डबे देणाऱ्या मंडळ्या, सगळं तिनं पाहिलं होतं. आत पाऊल टाकल्यावर कॉफी किती घाईनं पुढे केली जाते, यावरून तिला दप्तराचा अंदाज यायचा. इथे कॉफी कोणी विचारलीच नव्हती. डोरीन थेट म्हणाली होती, "कागद त्या टेबलावर आहेत, मासे अजून आलेले नाहीत, आणि बाथरूमचा दिवा लागत नाही."

मिशिगनच्या उत्तर टोकाला, टमॅरॅक नदीच्या काठावरची ही छोटीशी संस्था. काम एकच, स्टर्जन मासे वाढवायचे. एके काळी नदीत हे मासे इतके होते की लोक त्यांना लाकडासारखे रचून ठेवत. लाकूडतोडीच्या दिवसांत बांध झाले, बेसुमार शिकार झाली, आणि नदी रिकामी झाल्यासारखीच झाली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या डोरीननं आणि गिरणीत काम करणाऱ्या आर्व्होनं पंचवीसएक वर्षांपूर्वी काठावर एक खोका उभा केला. उरल्यासुरल्या माशांची अंडी आणायची, ती नदीच्याच वाहत्या पाण्यात उबवायची, म्हणजे पिल्लांच्या अंगात त्या पाण्याचा वास मुरतो आणि मोठी झाल्यावर ती त्याच नदीत परत येतात, असं गणित. आता खोक्याच्या जागी चाकांवरची मोठी खोली होती. तिच्यातला पंप घटकाभर जरी बंद पडला तरी पिल्लं मरतात, म्हणून हा जनरेटर. सरकारी पैशातून घेतलेला, अंगावर सरकारी क्रमांकाची चिकटपट्टी असलेला.

डोरीनला खोटं बोलता आलं असतं. 'चाचणी घेत होतो' एवढं म्हटलं असतं, तरी ओडेसाला ते खोडून काढणं जड गेलं असतं.

"जानेवारीत बर्फाचं वादळ झालं," डोरीन म्हणाली. "तारा तुटल्या. गावातल्या वृद्धाश्रमाचं स्वतःचं यंत्र पहिल्याच संध्याकाळी बंद पडलं. मी आर्व्होला म्हटलं, आपलं घेऊन जा. त्यानं ते घसरगाडीला बांधून नेलं. वीज येईपर्यंत तिथेच चाललं."

"परवानगी?"

"कोणाची घेणार? फोनच बंद होते."

"आणि फोन सुरू झाल्यावर?"

डोरीन बुटांकडे बघत राहिली. "तेव्हा घाबरले. गेल्या वर्षी तुमचा एक आक्षेप होताच आमच्यावर, सामानाची मोजदाद वेळेवर केली नाही म्हणून. म्हटलं, आता हेही कळवलं तर अनुदानच जाईल."

"मग करायचं काय होतं, बाई?" आर्व्हो बादलीवरूनच कडाडला. "त्या म्हाताऱ्यांना सांगायचं होतं की गारठून मरा, यंत्र फक्त माशांसाठी आहे?"

"आर्व्हो, तू गप्प बस."

"का गप्प बसू? माझी बहीण होती आत!"

ओडेसा त्याच्याकडे वळली. "तुमची बहीण वाचली याचा मला आनंद आहे, आर्व्हो. अगदी मनापासून."

"वाचली कसली! अजून पत्त्यांत लुटते मला."

ओडेसाला हसू आलं, पण ती थांबली नाही. "यंत्र नेलंत यावर माझं फारसं म्हणणं नाही. पण एक पत्र लिहायचं होतं, चार ओळींचं. ते आलं असतं तर आज मी मान डोलावून पुढे गेले असते. आता मला हे लिहावं लागेल."

"लिहा," डोरीन म्हणाली. "आहे ते आहे."

ओडेसानं लिहिलं. सरकारी वस्तूंबद्दल लागोपाठ दुसरा आक्षेप म्हणजे पुढचा हप्ता रोखून धरायची शिफारस, हा तिच्या कचेरीचा शिरस्ता होता. आणि ऐन हंगामात हप्ता थांबला तर या संस्थेकडे विजेचं बिल भरायलाही काही नव्हतं.

तेवढ्यात डोरीनचा फोन वाजला. तिनं कानाला लावला, "किती?" एवढंच विचारलं, आणि तिचा चेहराच पालटला.

"आलेत," ती आर्व्होला म्हणाली. मग ओडेसाकडे बघून, जरा चाचरत, "मला जावं लागेल. तुम्ही इथे थांबता की..."

"उपकरणं वापरात असताना पाहायची आहेतच मला," ओडेसा म्हणाली. "चला."

तिला छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालायला दिली. ती कोणा धिप्पाड माणसाची असावी. ओडेसा तिच्यात पार बुडून गेली. "एखाद्या पोत्यात बटाटा घातल्यागत दिसताय," आर्व्हो म्हणाला, आणि काठी टेकत पुढे निघाला.

नदी वळणावर उथळ होती. दगडगोट्यांवरून पाणी खळाळत होतं आणि दुपारचं ऊन त्यात चमकत होतं. दोन्ही काठांवर गावकरी थोड्या थोड्या अंतरावर उभे होते, कोणी घडीच्या खुर्चीवर, कोणी झाडाला टेकून. अंड्यांसाठी मासे मारणारे चोर येऊ नयेत म्हणून ही माणसं दरवर्षी पाळीपाळीनं राखण करत. मात्र कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

ओडेसा डोरीनच्या मागोमाग पाण्यात उतरली. थंडी रबरातून आत शिरली. मांडीपर्यंत पाण्यात आल्यावर तिला वाटलं, लांब कुठेतरी मालगाडी जातेय. तिनं कान टवकारले. मग तिच्या लक्षात आलं की ते कानांना ऐकूच येत नाहीये. ते तिच्या नडग्यांत घुमत होतं, तिथून कमरेत, कमरेतून छातीत.

"हे काय आहे?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नर," डोरीन म्हणाली. "मादी आली की ते असं गडगडतात. हे शिकवता येत नाही कोणाला. पाण्यात उभंच राहावं लागतं."

आणि मग ओडेसाला ते दिसले. आधी तिला ते पाण्यात पडलेले ओंडके वाटले होते. त्यातला एक ओंडका हलला. पाठीवर हाडांच्या ढालींची रांग, सोंडेसारखं पुढे आलेलं तोंड, त्याखाली लोंबणाऱ्या चार मिशा. ओडेसाहूनही लांब असा तो जीव तिच्या गुडघ्याला घासून संथपणे पुढे गेला, जणू तीच कुठला तरी खांब होती. डायनोसॉर हिंडत होते तेव्हाही हे मासे असेच नद्या चढत होते, असं तिनं सकाळी संस्थेच्या माहितीपत्रकात वाचलं होतं, आणि वाचून पान उलटलं होतं. आता आपण कुठल्या काळात उभ्या आहोत हेच तिला क्षणभर कळेना.

डोरीन आणि दोघा धडधाकट माणसांनी मिळून एका मोठ्या मादीखाली जाळं सरकवलं. ती फारशी झटापट न करता त्यात विसावली. डोरीननं तिच्या पाठीवरून वाचक यंत्र फिरवलं. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूण असेल तर ते वाजतं. ते वाजलं.

डोरीननं आकडा वाचला. पुन्हा यंत्र फिरवलं, पुन्हा वाचला.

"आर्व्हो!" ती ओरडली. काठावरची सगळी डोकी वळली. "आर्व्हो, ही आपली आहे!"

"आपल्याच आहेत की सगळ्या! ओरडतेस कशाला?"

"अरे बाबा, *आपली*! पहिल्या वर्षाची! आपल्या खोक्यातली! आणि पोटात अंडी आहेत!"

काठावर बसलेला आर्व्हो उठला. रबरी विजार नाही, काही नाही, तसाच बुटांसकट पाण्यात शिरला.

"अरे वेड्या, बूट!"

"बुटांना काय मरतंय."

त्या खोक्यातून सोडलेले नर गेली काही वर्षं परत येत होते. नर लवकर वयात येतात. पण मादीला वीस-पंचवीस वर्षं लागतात, आणि आजवर एकही लेक परतली नव्हती. लेकी परतल्या नाहीत तर नदी कायमची त्या पंपाच्या भरवशावर राहणार होती. डोरीन हे ओडेसाला सांगत होती, हसत होती, नाक पुसत होती, आणि काहीच धड सांगत नव्हती. "वीतभर होती हो! या हातानं सोडली होती. लोक म्हणायचे, काय वेडी बाई आहे, हिला मरेपर्यंत काही दिसायचं नाही."

आर्व्होनं आपला मोठा, खरबरीत तळवा माशाच्या पाठीवर ठेवला. "आलीस होय," तो म्हणाला. "माहेरी यायला उशीर केलास, पोरी."

"ओडेसा, हात द्या," डोरीन म्हणाली. "इथे, पोटाखाली."

ओडेसानं बाह्या सावरायचंही भान न ठेवता दोन्ही हात पाण्यात घातले. पोट मऊ होतं, गार होतं, आणि भरलेलं होतं. आत नुसतं ओझं नव्हतं, येऊ घातलेलं काहीतरी होतं. हा मासा इथून खाली, थेट मिशिगन सरोवरात गेला होता. तेच सरोवर ओडेसा रोज कचेरीत जाताना बसच्या खिडकीतून पाहायची. तिचा मुलगा लहान होता तेव्हा, नवरा गेला तेव्हा, मधली सगळी वर्षं, त्या करड्या पाण्याखाली ही कुठेतरी मुकाट वाढत होती. आणि त्या पहिल्या खोक्यासाठी ज्यांनी अनुदान मंजूर केलं, ते कधीच निवृत्त झाले असतील, काही मेलेही असतील. त्या वेळीही कोणी तपासनीस आला असेल. त्यानंही खोके मोजले असतील, शेरे मारले असतील, कंटाळून घड्याळ बघितलं असेल आणि परत गेला असेल. त्याच्या कामाचं फळ आज तिच्या हातात श्वास घेत होतं, आणि त्याला ते कधीही कळणार नव्हतं.

थोडी अंडी काढून घेतली. मग जाळं खाली केलं. मादी क्षणभर तिथेच रेंगाळली, शेपटीचा एकच तडाखा दिला, सगळ्यांना नखशिखांत भिजवलं आणि नरांच्या गडगडाटात निघून गेली. काठावर कोणीतरी टोपी काढली. मग दुसऱ्यानं. टाळी एकानंही वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेसानं आपले वरिष्ठ प्रेंटिस यांना फोन लावला.

"दुसरा आक्षेप आहे म्हणजे हप्ता रोखायचा," प्रेंटिस म्हणाले. "यात विचारायचं काय?"

"रोखायचा की नाही हे नियमानं आपल्यावर सोडलंय. रोखायचाच हा आपला शिरस्ता आहे. संस्थेनं कळवलं नाही खरं, पण विचारल्याबरोबर सगळं सांगितलं. दुरुस्ती महिन्याभरात होण्यासारखी आहे. मी अटी घालून हप्ता चालू ठेवायची शिफारस करतेय."

"तू हळवी झालीस की काय, ओडेसा?"

"झालेय. आणि आक्षेप शब्दन् शब्द लिहिलाय. दोन्ही एकदम जमतं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग प्रेंटिस म्हणाले, "पाठव. वाचतो."

आक्षेपाचा मसुदा ओडेसानं डोरीनच्या हातात दिला. डोरीननं तो उभ्याउभ्या वाचला. त्यात कुठेही मऊपणा नव्हता. 'परवानगीविना वापर' असं लिहिलं होतं, 'कळवण्यात कसूर' असंही लिहिलं होतं. तिचे ओठ घट्ट मिटले. मग शेवटची शिफारस वाचून ती खुर्चीवर बसली.

"कॉफी घेणार?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"आता घेईन," ओडेसा म्हणाली.

प्रेंटिसनी शिफारस मान्य केली. संस्थेच्या मंडळानं आणीबाणीत यंत्र कोणाला, कसं द्यायचं आणि कधी कळवायचं याचा ठराव केला. वृद्धाश्रमानं वर्गणी काढून स्वतःसाठी नवं यंत्र घेतलं. अटी पाळल्याचा अहवाल वेळेत आला, आणि तो पडताळायला ओडेसा सप्टेंबरमध्ये पुन्हा टमॅरॅकला गेली. सगळं जागेवर होतं. आक्षेप मिटला.

त्याच दुपारी त्या मादीची पिल्लं नदीत सोडायची होती. अख्खा गाव लोटला होता. आर्व्होची बहीण चाकांच्या खुर्चीत बसून भावाला सूचना देत होती आणि तो एकही ऐकत नव्हता. डोरीननं ओडेसाच्या हातात पाण्याचा डबा दिला. आत वीतभर लांबीचं पिल्लू होतं, पाठीवर इवल्याइवल्या ढाली, अजून धार न गेलेल्या.

"पंचवीस वर्षांनी या हिला तपासायला," आर्व्हो म्हणाला.

"मी कुठली असणार तेव्हा?"

"मी तरी कुठला? तुमच्या खात्यातलं कोणीतरी असेल की. सांगून ठेवा त्यांना."

ओडेसा दगडावर गुडघे टेकून बसली आणि डबा पाण्यात हळूच कलता केला. पिल्लू काही क्षण तिच्या बोटांच्या सावलीत थांबलं. मग प्रवाहानं त्याला उचललं, आणि ते तोंड सरोवराकडे करून निघालं.