मागची डावी

मी एक जुनी स्प्रिंग आहे. मोटारीची, मागच्या चाकावरची, डाव्या बाजूची. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. नाहीतर तुमची-माझी मैत्री कधी झाली? मागच्या सीटवर बुटांसकट नाचणारे तुम्हीच ना? आपल्या उड्या खाली कोण झेलतंय, हे वाकून पाहायची बुद्धी तुमच्यातल्या एकालाही झाली नाही. आता मी भंगारात पडले आहे आणि मला दुसरं काही काम नाही, तेव्हा मुकाट्यानं ऐका.

माझा जन्म भट्टीत झाला. जाड सळई लालभडक तापवली, गोल दांड्याभोवती गुंडाळली, तेलात बुडवली, पुन्हा शेकली आणि वरून काळा रंग फासला. लगेच पाठोपाठ माझी जुळी बहीण जन्मली. ती गाडीच्या उजवीकडे गेली, मी डावीकडे. आमचं काम सांगायला सोपं आहे. खड्डा आला की दबायचं आणि खड्डा गेला की पुन्हा उभं राहायचं. वर्षानुवर्षं करून बघा, म्हणजे कळेल.

ती गाडी टाइल्सच्या एका दुकानदारानं घेतली. त्याला घरात सगळे बाबा म्हणत, मीही तेच म्हणते. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात आडवा घातला. "चार बोटं," ते म्हणाले. मग पलीकडे जाऊन पाहिलं. "इकडेही चार." त्यांचे दोन मुलगे तेव्हा मागे दोन खिडक्या धरून बसत आणि मधली जागा दप्तरांना असे. मला हात लावून कुणी काही चांगलं बोललं, ते तेवढंच. पुढे गाडी मऊ चालली की लोक म्हणत, शॉकअप छान आहेत हो तुमचे. हा शॉकअप म्हणजे माझ्या शेजारी उभं असलेलं नळकांडं. मी जास्त वेळ हलत राहिले तर मला आवरायचं, एवढंच त्याचं काम. वजन उचलते मी आणि शाबासकी घेऊन जातो तो.

मुलगे मोठे झाले, बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि दुकानाच्या वाटण्या झाल्या. दुकानात मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. शिडी थोरल्याला मिळाली, वजनकाटा धाकट्याला. गाडी काही कापता येईना, म्हणून ठरलं की एक दिवस थोरल्याचा आणि एक दिवस धाकट्याचा.

थोरल्यानं पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली, डिकीत न मावणाऱ्या टाइल्सच्या पेट्या ठेवायला. ती पुन्हा लावली नाही. फुटपाथ डावीकडे, म्हणून सगळ्या पेट्या डावीकडूनच चढत आणि डावीकडेच राहत. धाकटा आपल्या दिवशी बाबांना गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेई. पुढे सीटच नव्हती, त्यामुळे बाबा मागे बसत, डाव्या खिडकीशी. म्हणजे आज टाइल्स, उद्या बाबा, भार माझ्याच डोक्यावर. माझी उंची कमी होत गेली आणि गाडी डावीकडे कलली.

मग सुरू झाली बोटं. रोज संध्याकाळी किल्ली देता-घेताना दोघं भाऊ माझ्यापुढे उकिडवे बसत आणि फटीत बोटं घालत. थोरल्याची बोटं केळ्यासारखी, धाकट्याची काडीसारखी. धाकटा तीन बोटं जागा सांगून गाडी देई आणि थोरल्याच्या हाताला ती दोनच भरे.

"एका दिवसात एक बोट खाल्लंस," थोरला म्हणायचा.

"दादा, जाड बोटांनी मोजून मला चोर ठरवू नकोस."

"तू बाबांना कायम डावीकडे बसवतोस. माणसाला वजन नसतं का?"

"डिकी फुटेस्तोवर तू टाइल्स भरतोस, आणि वजन बाबांचं काढतोस?"

बाबा तिथंच काठीवर रेलून उभे असत. आपलं वजन कुणाच्या खात्यात घालायचं यावर पोटची पोरं भांडताहेत, हे ते ऐकत होते. मला त्या दोघांचा असा संताप येई की तेव्हाच तुटून एकेकाच्या नडगीवर बसावं.

पुढच्या खेपेला बाबा गाडीत चढले आणि सरकत सरकत मध्ये जाऊन बसले. दोन्ही खिडक्या मोकळ्या आणि म्हातारा मधोमध. तिथं पायाखाली जमीन उंच असते, त्यामुळे त्यांचे ते दुखरे गुडघे पार छातीशी आले.

"बाबा, खिडकीशी बसा ना, वारा लागेल," धाकटा म्हणाला.

"इथंच बरं आहे."

का ते धाकट्यानं विचारलं नाही. मला मात्र लगेच कळलं. बाबांचा भार आता निम्मा माझ्यावर आणि निम्मा बहिणीवर होता. प्रत्येक गतिरोधकाला त्यांच्या तोंडून बारीकसं कण्हणं निघे. एकदा ते ऐकून धाकटा आरशात न बघताच म्हणाला, "ही स्प्रिंग फार कुरकुरायला लागली." मी कुरकुरले नव्हते.

शेवटी दोघं गाडी घेऊन गॅरेजमध्ये आले. गॅरेजवाल्यानं गाडी जॅकवर चढवली, टॉर्च मारला आणि सांगितलं, "डावी बसली आहे. खालच्या वेढ्याला गंज लागलाय. दोन्ही बदला, या जोडीनंच बदलायच्या असतात."

"लोखंडाला काय होतंय?" थोरला म्हणाला. "माझ्या दुकानाचं शटर केवढं जुनं आहे. ते कुठे बसलं?"

"शटरवर टाइल्स ठेवता का, साहेब?"

लोखंडाला काय होतंय म्हणे! मित्रांनो, या थोरल्यासारखे शहाणे तुमच्याही घरात असतील, म्हणून नीट सांगते. मी बुटाच्या टाचेसारखी झिजत नाही. दबून दबून मी थोडी दबलेलीच राहते, आणि ते इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्याला दिसत नाही. एखादा खडा उडून रंगाचा टवका निघतो, त्या जागी पाणी बसतं, गंज धरतो, आणि त्या गंजातून एक चीर आत शिरते. वरून मी पहिल्यासारखीच दिसते.

एकानं दोन्ही स्प्रिंगा आणाव्यात, एवढा विश्वास दोघांत उरला नव्हता. ठरलं असं की डावी थोरल्यानं आणायची आणि उजवी धाकट्यानं. दोघं वेगवेगळ्या दुकानांत गेले. गॅरेजवाल्यानं दोन्ही स्प्रिंगा बाकावर शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर एक उंच आणि जाड, दुसरी बुटकी. एक डिझेल गाडीची निघाली, एक पेट्रोलची.

"ही जोडी लावली तर गाडी खेकड्यासारखी चालेल," तो म्हणाला. "एक कुणीतरी बदलून आणा."

"ह्याला सांगा," दोघंही एकदम म्हणाले. भावांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. कुणीच बदलून आणली नाही. गॅरेजवाल्यानं कपाळाला हात लावला आणि ही डावी फार दिवस काढायची नाही असं बजावून आम्हां दोघींना परत बसवलं.

मी तुटले तो धाकट्याचा दिवस होता. दवाखान्यातून परत येताना, शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी चढली आणि माझा खालचा वेढा तुटला. तुटलेलं टोक टायरमध्ये घुसलं. गाडी डाव्या अंगावर आदळली. खिडकीशी बसणाऱ्याला दाराची कडी असते, मधल्याला धरायला काहीच नसतं. बाबा त्या रिकाम्या सीटवरून फेकले गेले आणि त्यांचं कपाळ दारावर आपटलं. चष्मा फुटला.

धाकट्यानं त्यांना उतरवून फुटपाथच्या कडेला बसवलं, जखमेवर रुमाल धरायला दिला आणि भावाला फोन केला. थोरला टॅक्सी करून आला. उतरला, बाबांकडे एकदा पाहिलं, आणि काय केलं असेल? वाकून माझ्यापुढे बोटं घातली.

"एकही जात नाही," तो म्हणाला. "आज तुझा दिवस होता."

"आणि काल? काल काय कापूस भरला होतास?"

बाबा काठी टेकत उठले. कपाळावरचा रुमाल लाल झाला होता.

"मी मध्ये का बसायचो, ते विचारलंत कधी?" ते म्हणाले. "एका बाजूला बसलो तर माझं वजन या धाकट्याच्या नावावर लागायचं. ते कुणाच्याच नावावर लागू नये, म्हणून बसत होतो. त्यात माझे गुडघे गेले. आता नाही बसायचा."

ते टॅक्सीपाशी गेले आणि पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसले. ड्रायव्हरनं सीट मागे सरकवून दिली. त्यांनी पाय लांब केले आणि दवाखान्यात परत घ्यायला सांगितलं. दोघं भाऊ घाईघाईनं मागचं दार उघडायला धावले, तेव्हा बाबा ड्रायव्हरला म्हणाले, "चला तुम्ही. त्यांना त्यांची गाडी आहे."

टॅक्सी गेली. ते दोघं माझ्याजवळ उभे राहिले, आणि त्या दिवशी पुन्हा कुणी बोटं घातली नाहीत.

आता मी आणि बहीण गॅरेजच्या मागे भंगारात आहोत. गॅरेजवाल्यानं टाकण्याआधी आम्हांला शेजारी उभं करून पाहिलं होतं. ती धडधाकट म्हणवली जाणारीही बरीच खचली होती.

तर मित्रांनो, एवढं करा. गाडी एका अंगाला कलली की भांडू नका, जोडीनं स्प्रिंगा बदला. आणि मागच्या दोन्ही खिडक्या मोकळ्या असताना घरातलं म्हातारं माणूस मध्ये बसलेलं दिसलं, तर गाडी सुरू करू नका. मागे वळा आणि आधी त्याला विचारा.