खोलवरचा तुकडा

तो दगड कापायचा. साधेसुधे नव्हेत बरं का, आभाळातून पडलेले! संस्थेच्या तळघरात त्याची करवत दिवसभर घरघरायची. नुकताच आलेला हिरवट दगड एका अवाढव्य लघुग्रहाच्या पोटातला असावा, असा सगळ्यांचा संशय होता. वरच्या सालीचा की पोटातला, हे पातळ चकती भिंगाखाली धरल्याशिवाय कळत नाही. खोलात सावकाश निवलेल्या दगडाचे कण मोठे असतात. चकती सकाळीच वर भिंगवाल्या बाईंकडे गेली होती.

पण त्याचं चित्त थाऱ्यावर होतं का? छे! ताईच्या पोटातलाही एक तुकडा तपासायला गेला होता, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आजच यायचा होता. आईमागे ज्या ताईने त्याला लहानाचं मोठं केलं, ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. घरी एकटीला भीती वाटते म्हणून आलेली.

"अरे, घोटभर पाणी तरी पी. आजारी मी आहे की तू?"

तिने पुढे केलेला पेला त्याने तसाच बाजूला ठेवला.

फोन वाजला. भिंगवाल्या बाईच असू देत, देवा! त्याने करवत थांबवली, पण घरघर कानातून जाईना.

"तो तुकडा पाहिला आम्ही," बाईंचा आवाज आला. "वरवरचं नाही. खोलवरचं आहे."

"खोलवरचं! मी म्हणतच होतो! तोंडात साखर पडो तुमच्या!"

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला, "अहो, मी दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या ताईंचं सांगतेय. उद्याच घेऊन या त्यांना, उशीर नको."

त्याला लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी जास्त भीती. 'हो' म्हणून त्याने फोन ठेवला, पण वळून बघायची हिंमत होईना.

ताईने मात्र साखरेचंच तेवढं ऐकलं होतं. ती डोळे पुसत, हसत जवळ आली. "सुटले रे बाबा! इतके दिवस घास गिळवत नव्हता. चल, आज दोघं पोटभर जेवू."

"ताई, बस जरा. माझी चूक झाली."

ती बसली नाही. दगडाच्या पिठाने माखलेले त्याचे दोन्ही हात तिने घट्ट धरले.

"कुणाचा फोन होता?" तिने विचारलं.