विहिरीच्या तळाशी रुतलेला बॉम्ब

मी एक जुना बॉम्ब आहे. मित्रांनो, पळू नका. माझ्या पोटात दारू कधीच नव्हती, नुसतं सिमेंट आणि वाळू. जाड छत भेदून आत शिरायचं, एवढ्यासाठीच माझं पोलादी नाक घडवलेलं. सरावात मला विमानातून एकदाच सोडलं. मी छत भेदलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला काही वाटलं नाही. मग भंगारात पडलो.

बहात्तरच्या दुष्काळात पाटोद्याजवळच्या एका गावच्या पाणी सोसायटीनं मला भंगारातून उचललं. गावच्या विहिरीत रात्रभरात जेमतेम पन्नास घागरी पाणी साचे, त्यावर गाव तगून होतं. तळाचा खडक फोडायला सुरुंगाची दारू मिळेना. म्हणून सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी युक्ती काढली. विहिरीवर उभ्या केलेल्या तिपाईला कप्पी लावायची, बैलांनी मला वर ओढायचं आणि चाळीस फुटांवरून खाली सोडायचं.

मेंढरं राखणारी म्हातारी भिवराबाई काठावर आली.

"सुंदरा, कशाला फोडतूस? त्यो खडक हाय म्हणून पाणी थांबलंय. खाली गेलं की गेलं बघ."

"मावशे, पन्नास घागरीत गाव जगतंय व्हय? खाली लई पाणी हाय."

पारावर बैठक झाली, सभासदांचे हात वर झाले. भिवराबाईनंही हात वर केला होता, नको म्हणायला. ती सभासद नव्हती, म्हणून तो कुणी मोजला नाही.

तीन दिवस मी पडत राहिलो. तिसऱ्या दिवशी नाक खडकातून आरपार गेलं आणि अडकलं. बैल दमले, मी निघेना. तरी खडक फुटला म्हणून संध्याकाळी हलगी वाजली.

सकाळी बाया घागरी घेऊन आल्या, तर तळ कोरडा. रात्री पाझरलेलं सगळं पाणी माझ्या कडेनं खाली निघून गेलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. सुंदररावांनी विहिरीत उतरून फटीत चिखल कोंबला, अंगातला सदरा काढून कोंबला. मग माझ्याशेजारीच बसून राहिले. भिवराबाई रिकामी घागर डोक्यावर घेऊन मेंढरांमागं गाव सोडून गेली.

मी अजून इथंच रुतून आहे. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. छत कुणाचं, खडक कशासाठी, हे विचारायला मला कुणी घडवलंच नव्हतं. मित्रांनो, तुम्हाला विचारता येतं. वरून काही सोडण्याआधी काठावरच्या म्हातारीला विचारा. आणि तिचा हात मोजा.